पेशीच्या घरातील परका
चांदीपुरा विषाणूचा इतिहास आणि आपले कर्तव्य

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगा जिथे विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा होऊन वाहते, त्या उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव वसलेले आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर जगणारा हा मुलूख. ‘व्हायरस’ हा परदेशी शब्द गेल्या काही वर्षांत या मुलखात तीन वाटांनी आला. २०२० साली तो कोरोनाच्या रूपाने घराघरांत शिरला. २०२२ साली ‘लम्पी’ रोगाने गाईबैलांच्या अंगावर गाठी उठल्या, तेव्हा तो गोठ्यात आला. पुढच्याच वर्षी विदर्भातील सोयाबीनची शेते अकाली पिवळी पडू लागली आणि हा ‘पिवळा मोझॅक’ही एक विषाणूच असून पांढरी माशी तो पसरवते, हे शेतकऱ्यांना कृषी अधिकाऱ्यांकडून समजले. माणूस, जनावर आणि पीक या तिघांनाही ग्रासणारी ही वस्तू आहे तरी काय, हा प्रश्न आता केवळ पंडितांचा राहिलेला नाही.

या तिन्ही विषाणूंचे रूप वेगळे, वाहक वेगळे, बळी वेगळे. परंतु एक नियम तिघांनाही सारखाच लागू आहे. यांपैकी एकही विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला दुसऱ्याच्या जिवंत पेशीचे घर लागते. हा नियम मानवाला कसा उमगला, पेशीच्या आत नेमके काय घडते आणि या इतिहासात विदर्भातील एका गावाचे नाव कसे कोरले गेले, हे वाचकांसमोर मांडण्याचा या लेखात प्रयत्न आहे. विषय शास्त्राचा असला तरी तो आपल्या लेकरांच्या जिवाशी निगडित आहे, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरून तो वाचावा, ही विनंती.

न दिसणाऱ्या शत्रूचा शोध

‘व्हायरस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ विष. मराठीने त्याला ‘विषाणू’ हे नाव दिले, ते अर्थाला धरूनच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील लुई पाश्चर आणि जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी अनेक रोगांच्या मुळाशी सूक्ष्म जीवाणू असतात, हे दाखवून दिले होते. हे जीवाणू सूक्ष्मदर्शकातून दिसत आणि मांसाच्या रसात किंवा तशाच पोषक द्रव्यात त्यांची पैदास करता येई. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रोगाचा, म्हणजे रेबीजचा, अभ्यास करताना मात्र पाश्चरला हा मार्ग खुंटलेला आढळला. रोगकारक घटक सूक्ष्मदर्शकातून दिसेना आणि पोषक द्रव्यातही वाढेना. तेव्हा त्याने तो सशांच्या मज्जातंतूंत वाढवला, त्यांचा मज्जारज्जू वाळवून त्याचा जोर कमी केला आणि ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला तो टोचण्यास आरंभ करून त्याचे प्राण वाचवले. जो शत्रू डोळ्यांनी कधी पाहिला नाही, त्याच्यावर पाश्चरने मात केली. त्याला वाढवण्यासाठी जिवंत शरीरच लागले, ही गोष्ट मात्र पुढच्या संशोधकांना विचारात पाडणारी ठरली.

पाश्चरचाच सहकारी शार्ल शांबरलँ याने चिनी मातीची एक गाळणी तयार केली होती. तिच्यातून पाणी पार होई. जीवाणू मात्र अडकून राही. १८९२ साली रशियातील दिमित्री इव्हानोव्स्की याने तंबाखूच्या रोगट पानांचा रस या गाळणीतून गाळला. तरीही गाळलेल्या रसाने निरोगी झाडे आजारी पडली. १८९८ साली हॉलंडमधील मार्टिनस बायरिंक याने तोच प्रयोग पुन्हा केला आणि एक पाऊल पुढे टाकले. हा रोगकारक घटक बाटलीत नुसता ठेवला तर वाढत नाही, वाढत्या झाडाच्या पेशींमध्येच त्याची संख्या वाढते, असे त्याने प्रतिपादन केले. आपला नियम प्रथम मांडला गेला तो येथे. १९३५ साली अमेरिकेतील वेंडेल स्टॅन्ली याने याच तंबाखूच्या विषाणूचे मिठाच्या खड्यांसारखे स्फटिक बनवून दाखवले, तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. जे बरणीत खड्यासारखे निपचित पडून राहते आणि पानाला चोळले की सजीवासारखे वाढते, त्याला निर्जीव म्हणावे की सजीव? या प्रश्नावर अद्याप एकमत नाही.

पेशीच्या आत शिरल्यावर विषाणू काय करतो, याचे पहिले स्पष्ट उत्तर जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंनी दिले. १९५२ साली अमेरिकेत आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस या दोघांनी अशा विषाणूच्या प्रथिनांच्या वेष्टनाला एक किरणोत्सारी खूण केली आणि त्याच्या आतील डीएनएला दुसरी. मग त्यांनी ते विषाणू जीवाणूंवर सोडले आणि काही वेळाने स्वयंपाकघरात असते तशा घुसळणी यंत्रात ते मिश्रण घुसळले. वेष्टन बाहेर गळून पडले आणि डीएनए आत गेलेला आढळला. म्हणजे घरात शिरताना पाहुण्याने अंगरखा उंबरठ्याबाहेर टाकला. आत नेला तो फक्त एक लेखी हुकूम. त्या हुकमानुसार जीवाणूच्या पेशीने स्वतःची कामे सोडून विषाणूच्या नव्या प्रती घडवल्या.

पुणे १९५२, नागपूर १९६५

त्याच १९५२ साली पुण्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू झाले. डास, गोचीड, माश्या यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणे हे त्याचे मुख्य काम होते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे आणि माणसे एका अज्ञात तापाने मरू लागली, तेव्हा याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ‘क्यासनूर जंगल रोगा’चा विषाणू शोधून काढला. १९७८ साली या केंद्राला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि त्याचे नाव ‘राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था’ असे झाले. २०२० साली भारतातील कोरोना रुग्णांचे नमुने प्रथम तपासणारी संस्था म्हणून तिचे नाव सर्वतोमुखी झाले, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

१९६५ साली नागपूर परिसरात तापाची मोठी साथ आली. डासांमुळे होणाऱ्या चिकुनगुन्या आणि डेंग्यू या रोगांची ती साथ होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. विषाणू केवळ जिवंत पेशीतच वाढतो, म्हणून ते नमुने प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशींवर सोडण्यात आले. त्यांपैकी दोन तापकरी रुग्णांच्या रक्तातून असा एक विषाणू वाढला, जो चिकुनगुन्याशी जुळेना आणि डेंग्यूशीही जुळेना. जगाला आजवर अज्ञात असलेला हा विषाणू होता. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नमुना जिथून आला त्या नागपूरकडील गावावरून त्याला ‘चांदीपुरा’ हे नाव दिले.

गावाचे नाव रोगाला मिळाले, याचा त्या गावाला काही दोष लागत नाही. तेथील हवापाणी अधिक दूषित होते असे नव्हे. शास्त्राचा दिवा प्रथम तेथे पेटला, एवढाच त्याचा अर्थ. अशा नावांमुळे लोकांना नाहक बोल लागतो, म्हणून २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना गावांची किंवा देशांची नावे देऊ नयेत अशी सूचना केली. ज्या दोन रुग्णांच्या रक्तातून हे ज्ञान मिळाले, अशांची नावे शास्त्रीय लेखांत येत नाहीत. जगभर या विषाणूवर आज जे काम चालते त्याचा पाया त्या दोन अनामिक वैदर्भीय देहांत आहे, हे आपण कृतज्ञतेने आठवावे.

पुढे १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधानुसार औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे पकडलेल्या वालुमाश्यांच्या अंगातही हा विषाणू सापडला. या माशीला इंग्रजीत ‘सँडफ्लाय’ म्हणतात. त्यामुळे तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो याचा माग लागला. १९८० साली मध्य प्रदेशात मेंदूच्या तीव्र आजाराने मुले दगावत असताना एका रुग्णाच्या रक्तातही तो आढळला. ही पुढच्या संकटाची सूचना होती. पण एकाच रुग्णावरून निष्कर्ष कसा काढावा? चांदीपुरा हा साधा ताप आणणारा, फारसे महत्त्व नसलेला विषाणू आहे, हीच समजूत पुढे वीस वर्षे कायम राहिली.

बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा पाहुणा

आता या विषाणूकडे जवळून पाहू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो: एक टोक गोल, दुसरे सपाट. त्याची लांबी सुमारे १५० ते १६५ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये असे सहा हजारांहून अधिक विषाणू एकापुढे एक मांडता येतील. रेबीजचा विषाणूही याच आकाराचा आणि याच कुळातला आहे. पाश्चरला जो शत्रू दिसला नव्हता, त्याचाच हा एक भाऊबंद म्हणावयास हरकत नाही.

मानवी पेशीतील आनुवंशिक लेख सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असतो. चांदीपुरा विषाणूचा लेख अवघ्या अकरा हजारांच्या आसपास अक्षरांचा आहे आणि तो डीएनएचा नसून आरएनएचा आहे. त्यात पाचच जनुके आहेत. म्हणजे पाच प्रथिने बनवण्याच्या पाच सूचना. शास्त्रज्ञ त्यांना एन, पी, एम, जी आणि एल अशा अक्षरांनी ओळखतात. पाच सूचनांच्या या चिठ्ठीने एखाद्या निरोगी बालकाचा मेंदू एका दिवसात निकामी होऊ शकतो.

विषाणूच्या वेष्टनावर जी प्रथिनाचे काटे असतात. हे काटे पेशीच्या पटलाला चिकटतात. पेशीला बाहेरून आलेले अन्नकण आत ओढून घेण्याची सवय असते. त्याच रीतीने ती विषाणूलाही एका पिशवीत गुंडाळून आत घेते. ही पिशवी आत सरकता सरकता आंबट, म्हणजे आम्लधर्मी, होत जाते. वास्तविक ही पेशीची पचनाची तयारी असते. पण नेमक्या त्याच आंबटपणाने जी प्रथिनाचा आकार बदलतो, विषाणूचे वेष्टन आणि पिशवीचे आवरण एकमेकांत मिसळून जाते आणि आतील आरएनए पेशीच्या द्रवात मोकळा होतो. पेशीने पाहुण्याला पचवण्यासाठी जे केले, त्यानेच त्याला दार उघडून दिले.

येथे एक मोठी अडचण उभी राहते. पेशीमध्ये प्रथिने घडवणारे जे कारखाने असतात, ज्यांना रायबोसोम म्हणतात, त्यांना सुलट लिहिलेलाच आरएनए वाचता येतो. चांदीपुरा विषाणूचा आरएनए उलट असतो. कचेरीतील रबरी शिक्का डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावरची अक्षरे उलटी असतात. कागदावर उमटवल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. विषाणूचा लेख हा असा शिक्का आहे. तो कागदावर उमटवणारे विकर मानवी पेशीजवळ नसते. मग विषाणूचे काम चालते कसे?

या कोड्याचा उलगडा १९७० साली झाला. अमेरिकेत गाईघोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा ‘वेसिक्युलर स्टोमाटायटिस’ नावाचा विषाणू आहे. चांदीपुऱ्याचा तो अगदी निकटचा नातलग. डेव्हिड बाल्टिमोर, अॅलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्पफर यांनी दाखवून दिले की, हा विषाणू येतानाच शिक्का उमटवणारे विकर आपल्यासोबत वेष्टनात बांधून आणतो. शिक्काही त्याचा आणि तो उमटवणारा कारकूनही त्याचाच. कागद, शाई आणि कारखाना तेवढा यजमानाचा. चांदीपुरा विषाणूत एल आणि पी ही दोन प्रथिने मिळून हा कारकून बनतो. बाल्टिमोर यांना त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका शोधासाठी पुढे १९७५ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

हा कारकून लेखाच्या एकाच टोकापासून कामाला लागतो आणि क्रमाने एन, पी, एम, जी व एल या सूचनांच्या सुलट प्रती काढतो. प्रत्येक टप्प्यावर त्याचे काही काम गळते. म्हणून पहिल्या एनच्या प्रती सर्वांत अधिक आणि शेवटच्या एलच्या सर्वांत कमी निघतात. यातही एक हिशेब आहे. एन प्रथिन हे विषाणूच्या आरएनएचे चिलखत असते. या वर्गाच्या विषाणूंत एक एन प्रथिन नऊ अक्षरांना झाकते, म्हणजे प्रत्येक नव्या विषाणूला हजारांहून अधिक एन प्रथिने लागतात. एल मात्र थोडेच पुरते.

रायबोसोम या सुलट प्रती आपल्याच समजून वाचू लागतात आणि विषाणूची प्रथिने ओतू लागतात. एन प्रथिन पुरेसे साठले की कामाची दिशा बदलते. आता तुकड्यातुकड्याच्या सूचना काढण्याऐवजी अथपासून इतीपर्यंत संपूर्ण लेखाची एक सुलट प्रत निघते आणि तिच्यावरून मूळच्या उलट लेखाच्या असंख्य प्रती तयार होतात. हा बदल नेमका कोणत्या संकेताने घडतो, याचा चांदीपुरा विषाणूतच कसून अभ्यास करणाऱ्यांत कलकत्ता विद्यापीठातील ध्रुवज्योती चट्टोपाध्याय आणि त्यांचे सहकारी अग्रणी होते. पी प्रथिनाला फॉस्फेटचा अंश जोडलेला आहे की नाही, यावर हा पालट अवलंबून असावा, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. विदर्भात सापडलेल्या विषाणूचे अंतरंग उलगडण्याचे मोठे काम असे भारतीय प्रयोगशाळांतूनच झाले, ही अभिमानाची गोष्ट होय.

इकडे जी प्रथिने पेशीच्या पटलावर जाऊन काट्यांप्रमाणे उभी राहतात. एम प्रथिन चिलखत घातलेला नवा आरएनए घट्ट गुंडाळून पटलाजवळ आणते. झाडाच्या फांदीवर कळी फुटावी तसा नवा विषाणू पटलातून बाहेर पडतो आणि जाताना त्याच पटलाचा तुकडा अंगावर पांघरून नेतो. हे सारे काही तासांत घडते. एका पेशीतून निघालेली ही पिलावळ शेजारच्या पेशींत शिरते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. आजारी माणसाचा ताप चढत जातो, तेव्हा आत अशी लाखो चक्रे फिरत असतात.

२००३ चा पावसाळा

२००३ सालच्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, त्यातही आजच्या तेलंगणाच्या भागात, लहान मुले अचानक दगावू लागली. सकाळी अंगणात खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणे, त्याला उलट्या आणि झटके येत, ते बेशुद्ध होई आणि पुष्कळदा दुसरा दिवस पाहत नसे. ३२९ मुले आजारी पडली, त्यांपैकी १८३ मरण पावली. पुण्याच्या संस्थेने तपासणी केली, तेव्हा अडतीस वर्षांपूर्वी नागपूरकडे सापडलेला आणि क्षुल्लक मानलेला तोच चांदीपुरा विषाणू पुढे आला. त्याच हंगामात महाराष्ट्रातही त्याचे बळी पडले. हा मेंदूचा दाह आहे की मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा आघात आहे, यावर त्या वेळी वैद्यकीय जगतात वाद झडला. वाद शास्त्राला पुढे नेतात; पण ज्या घरांतले पाळणे रिकामे झाले त्यांना त्याचा दिलासा नव्हता.

यानंतर हा विषाणू पुनःपुन्हा प्रकटला. २००४ साली गुजरातमध्ये, २००७ साली नागपूर विभागात त्याने डोके वर काढले. २०१२ च्या जुलैत विदर्भात पुन्हा मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा नागपूर भागातून पकडलेल्या ‘सर्जेंटोमाया’ जातीच्या वालुमाश्यांतून तो वेगळा काढण्यात आला. २०२४ च्या पावसाळ्यात त्याने पुन्हा रौद्र रूप दाखवले. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ८२ मृत्यू पावले. तपासणीअंती ६४ जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. त्यांतील बहुसंख्य गुजरातमधील होते. गेल्या वीस वर्षांतील हा सर्वांत मोठा उद्रेक होता, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले.

या रोगावर आजही खात्रीचे औषध नाही आणि वापरात असलेली लसही नाही. पुण्याच्या संस्थेत निष्प्रभ केलेल्या विषाणूची एक लस तयार करून उंदरांवर तपासण्यात आली. ते काम २०११ साली प्रसिद्ध झाले. परंतु प्रयोगशाळेपासून बालकाच्या दंडापर्यंतचा मार्ग लांबचा असतो. औषधाची अडचण कोठे आहे हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. जीवाणू हा वेगळा जीव असल्याने त्याचे घर तोडणारे औषध देता येते. विषाणू मात्र आपल्याच पेशीच्या कारखान्यात, आपलीच सामग्री वापरून वाढतो. कारखाना बंद पाडावा तर यजमानच मरतो. फक्त विषाणूच्या कारकुनाला रोखणारे औषध शोधावे लागते, आणि ते सापडले तरी अवघ्या एका दिवसाच्या अवधीत पोहोचवावे लागते.

आपल्या हाती काय आहे?

पेशीच्या आतील लढाईत हस्तक्षेप करण्याचे साधन आज डॉक्टरांच्या हाती नाही. म्हणून आपला सारा भर पेशीच्या बाहेर, म्हणजे घराच्या भिंतीवर आणि घड्याळाच्या काट्यावर, असला पाहिजे.

प्रथम भिंतीविषयी. वालुमाशी डासाहूनही लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. ती फार उंच उडत नाही, उड्या मारल्यासारखी सरकते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही ती आत येऊ शकते. म्हणून जाळी बारीक विणीची हवी. मातीच्या आणि कुडाच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याची ओल, शेणाचे आणि कुजक्या पालापाचोळ्याचे ढीग ही तिची वस्तीची ठिकाणे. यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यांत पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड आणि त्यावर मातीचे लिंपण अशी घरे आजही आढळतात. गोठाही घराला लागून असतो. ही रचना गरिबीने घडवली आहे, अडाणीपणाने नव्हे. मृगाच्या आधी भिंतींच्या भेगा लिंपून बुजवणे, शेणाचा उकिरडा घरापासून दूर नेणे, आरोग्य कर्मचारी फवारणीला आले की त्यांना घर उघडून देणे आणि लेकरांना संध्याकाळनंतर अंगभर कपडे घालणे, एवढे प्रत्येक घराला शक्य आहे. ज्या वृद्धेला किंवा विधवेला स्वतःच्या भिंती लिंपता येत नाहीत, तिच्या घरची लिंपण धर्मग्रामातील तरुणांनी पावसाळ्यापूर्वी करून दिली, तर ती खरी सेवा ठरेल.

दुसरी गोष्ट वेळेची. जून ते सप्टेंबर या काळात पंधरा वर्षांखालील मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा ग्लानी आली, तर एक तासही घालवू नये. रुग्णालयात ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूची सूज कमी करणे, श्वासाला आधार देणे हे उपचार होतात आणि त्यांच्या जोरावर मुलाचे शरीर स्वतः लढण्यासाठी वेळ मिळवते. पण ‘दृष्ट लागली’, ‘बाहेरचे काही झाले’ असे म्हणून मुलाला आधी अन्यत्र नेण्यात जी रात्र जाते, तीच रात्र पेशीतील चक्राला हवी असते. आपल्या भाविकांतही काही जण मुलाला आधी प्रार्थनेसाठी आणतात. प्रार्थना अवश्य करावी. परंतु ती रुग्णालयाच्या वाटेवर करावी. कोणताही धर्मगुरू आशीर्वादासाठी रुग्णवाहिकेच्या दारापर्यंत येईल.

रोग म्हणजे देवाची शिक्षा, ही समजूतही आपण सोडली पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असा प्रश्न केला, तेव्हा प्रभू येशूने तो हिशेबच नाकारला आणि त्या माणसाला दृष्टी दिली. ज्या मातेचे बाळ गेले तिला पापाचा हिशेब विचारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. विषाणू हा सृष्टीच्या व्यवस्थेतील एक भाग आहे. त्याला द्वेष नाही, हेतूही नाही. हेतू आहे तो माणसाजवळ, म्हणून जबाबदारीही माणसाचीच.

ख्रिस्तसभेने १९४१ साली संत अल्बर्ट यांना निसर्गशास्त्रांच्या अभ्यासकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले आणि १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि विवेकबुद्धी यांच्या नात्यावर स्वतंत्र विश्वपत्र लिहिले. सृष्टी समजून घेणे हीदेखील निर्मात्याची आराधना आहे, हा त्यामागचा भाव. पुण्याच्या आणि कलकत्त्याच्या प्रयोगशाळांत ज्यांनी हयात खर्ची घातली त्या शास्त्रज्ञांचे काम या दृष्टीने पाहिले पाहिजे. आपल्या धर्मग्रामातील हुशार मुलामुलींनीही या क्षेत्राकडे वळावे. विदर्भाच्या गावाचे नाव धारण करणाऱ्या या विषाणूवरील औषध विदर्भाच्याच एखाद्या लेकीने किंवा लेकाने शोधावे, यापेक्षा उचित ते काय?

तोपर्यंत ढाणकीपासून चांदीपुऱ्यापर्यंतच्या प्रत्येक खेड्यात मृग नक्षत्र लागण्याआधी भिंतींच्या भेगा बुजलेल्या असाव्यात आणि तापलेल्या लेकराला घेऊन निघालेल्या आईबापांना रात्री-अपरात्रीही गावातील एखादे वाहन मिळावे, एवढी व्यवस्था आपण एकत्र येऊन करू शकतो. दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूला आपल्या जनावरावर बसवून उताराच्या घरी नेले होते. आज ते काम मोटारसायकल आणि जीप करू शकते.